व्हिसा नामंजुरीचा टक्का नेमका कोणाचा?

दहावी-बारावीचे निकाल लागले की बोईसर, पालघर, सफाळे पट्ट्यात परदेशी शिक्षणाचे फलक दिसू लागतात. 'व्हिसा सक्सेस ९८ टक्के', 'पहिल्याच प्रयत्नात यश', 'बँक बॅलन्सची चिंता आमच्यावर सोडा'. दुसऱ्या बाजूला बातम्या सांगतात की लाखो भारतीयांचे व्हिसा फेटाळले गेले आणि कॅनडाने चारपैकी तिघांना नाही म्हटले. माकुणसार, केळवे, माहीम भागातल्या आपल्या वस्त्यांमधली मुले ही दोन्ही वाक्ये एकाच मोबाईलवर, कधी कधी एकाच दिवशी वाचतात. मग काही जण अर्जच करत नाहीत, आणि काही जण डोळे मिटून एजंटाच्या हातात फाईल देतात. आकडा कसा वाचायचा हे कोणी शिकवलेले नसल्यामुळे या दोन्ही गोष्टी होतात, आणि दोन्हींची किंमत आपल्यासारख्या पहिल्या पिढीच्या घरांना इतरांपेक्षा जास्त मोजावी लागते.

सुरुवात युरोपपासून करू, कारण तिथले आकडे दरवर्षी उघडपणे जाहीर होतात. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले २९ देश. २०२४ साली भारतातल्या या देशांच्या वकिलातींकडे ११,०८,२३९ अर्ज आले आणि त्यातले १,६५,२६६ नाकारले गेले. नाकारलेल्या अर्जांच्या संख्येत भारत जगात तिसरा, अल्जेरिया आणि तुर्कस्तानच्या मागोमाग. बातमीचा मथळा इथेच तयार झाला. बुडालेल्या शुल्काचा हिशेब १३६ कोटी रुपयांच्या घरात मांडला गेला आणि त्यावर चर्चाही खूप झाली.

आता हाच आकडा भागाकार करून पाहा. अकरा लाखांत एक लाख पासष्ट हजार, म्हणजे सुमारे १५ टक्के. त्या वर्षी जगभरातल्या सगळ्या शेंगेन अर्जांचा नामंजुरी दर होता १४.८ टक्के. म्हणजे भारतातून अर्ज करणाऱ्याला जगाच्या सरासरीइतकाच नकार मिळाला. अल्जेरियातून ५ लाख ४४ हजार अर्ज गेले, भारताच्या निम्मे, आणि नाकारले गेले १ लाख ८५ हजार. तिथे दर तिनांतला एक जण परत पाठवला गेला. भारत 'तिसरा' आला तो आपण अर्ज जास्त करतो म्हणून. सात जणांमधले सहा जण व्हिसा घेऊन बाहेर पडले, ही बातमी कोणी छापली नाही. त्यात मथळ्यासारखे काही नव्हते.

आणखी एक बारकावा. शेंगेनचे हे आकडे अर्ज कुठल्या देशात दिला यावर मोजले जातात, अर्जदाराच्या राष्ट्रीयत्वावर नाही. दुबईत नोकरी करणाऱ्या आपल्या भावाने तिथून अर्ज केला तर तो संयुक्त अरब अमिरातीच्या खात्यात जातो, भारताच्या नाही. 'भारतीयांचा नामंजुरी दर' असे जे लिहिले जाते ते म्हणूनच सैल लिहिणे आहे.

देशनिहाय दर दाखवून एजंट सल्ला देतात: 'अमुक देशाचा दर कमी आहे, तिथून टाका, मग फिरा कुठेही.' हा सल्ला धोक्याचा आहे. नियम सांगतो की ज्या देशात मुख्य काम आहे किंवा जिथे सर्वाधिक दिवस राहायचे आहे, त्याच देशाकडे अर्ज करायचा. जर्मनीला जायचे असताना कागदावर दुसरा देश दाखवला, तर हॉटेलचे बुकिंग आणि प्रवासाचा आराखडा एकमेकांशी जुळत नाहीत आणि फाईल तिथेच संशयात जाते. शिवाय छोट्या देशांचे दर फसवे असतात. २०२४ मध्ये माल्टाने जगभरातून आलेल्या अर्जांपैकी ३८ टक्क्यांहून अधिक नाकारले. पण माल्टाकडे एकूण अर्जच पंचेचाळीस हजारांच्या आसपास होते. कोणत्या देशांतून, कोणत्या कामासाठी, कोण अर्ज करतो यावर हा टक्का हलतो. माल्टाचा अधिकारी जर्मनीच्या अधिकाऱ्यापेक्षा दुष्ट आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

टक्केवारीचा हा खेळ आपल्याला नवा नाही. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या मुलांना नववीतच अडवणाऱ्या किंवा त्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला लावणाऱ्या शाळा सगळ्यांना माहीत आहेत. शाळेचा निकाल वाढतो, शिकवणे होते तसेच राहते. एजंटाच्या '९८ टक्क्यां'चे तेच आहे. ज्याचे वडील सरकारी नोकरीत, नावावर घर, आधी दोन देशांचे शिक्के पासपोर्टवर, अशाची फाईल तो आनंदाने घेतो आणि मोजतो. बाकीच्यांची फाईल घेतो, फी घेतो आणि मोजायचे विसरतो. त्यामुळे टक्का समोर आला की पहिला प्रश्न हाच विचारायचा: खाली, छेदात, कोण कोण आहे?

अमेरिकेचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. पर्यटन-व्यवसायाच्या बी व्हिसासाठी तिथले परराष्ट्र खाते राष्ट्रीयत्वानुसार दर जाहीर करते. त्यांचे आर्थिक वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर. कोविडच्या आधी भारतीयांचा नामंजुरी दर चौथ्या हिश्श्याच्या वर होता. २०२३ मध्ये तो ११ टक्क्यांवर होता आणि २०२४ मध्ये १६ टक्क्यांच्या थोडा वर गेला. अमेरिका मधल्या काळात उदार झाली होती का? माझे वाचन वेगळे आहे. कोविडनंतर नव्या अर्जदारांना मुलाखतीची तारीख वर्ष-दीड वर्ष मिळत नव्हती. जुना व्हिसा असलेल्यांना मात्र मुलाखतीशिवाय नूतनीकरण करता येत होते. छेदात असे मुरलेले प्रवासी वाढले की टक्का आपोआप खाली येतो. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्या माकुणसारच्या मुलीसाठी तो ११ टक्के कधीच ११ टक्के नव्हता. सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीतून मिळणारी सूट बरीच कमी केली आहे, तेव्हा पुढचे आकडे आले की हेही लक्षात ठेवावे लागेल.

या दरात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. आधी अडवलेला आणि कागद पुरे केल्यावर त्याच वर्षी मंजूर झालेला अर्ज त्यात नकार म्हणून धरत नाहीत. २२१(जी) ची चिठ्ठी हातात पडली की आपली मुले रडकुंडीला येतात. त्या चिठ्ठीचा अर्थ बहुतेक वेळा 'अमुक कागद आणा' किंवा 'तपासणी बाकी आहे' एवढाच असतो. खरा नकार २१४(बी) चा. अमेरिकेचा कायदा असे गृहीत धरतो की तुम्ही कायमचे राहायलाच चालला आहात. तसे नाही हे तुम्हीच पटवून द्यायचे. त्यावर अपील नाही, नवा अर्ज मात्र करता येतो, अर्थात पुन्हा १८५ डॉलर भरून.

विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसाचे आकडे तर देशवार जाहीरच होत नाहीत. २०२३-२४ या वर्षात जगभरातून आलेल्या ६ लाख ७९ हजार अर्जांपैकी २ लाख ७९ हजार, म्हणजे ४१ टक्के नाकारले गेले, एवढेच कळले. तेव्हा कोणी 'भारतीय विद्यार्थ्यांचा एफ-१ नामंजुरी दर अमुक टक्के' असे छातीठोकपणे सांगितले, तर तो आकडा कुठून आणला हे त्याला जरूर विचारावे.

कॅनडाचा आकडा मात्र खरोखर गंभीर आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीयांच्या अभ्यास परवान्याच्या अर्जांपैकी सुमारे ३२ टक्के नाकारले गेले होते; ऑगस्ट २०२५ मध्ये ७४ टक्के. अर्जही वीस हजार नऊशेवरून साडेचार हजारांवर आले. मधल्या काळात काय झाले? जानेवारी २०२४ मध्ये कॅनडाने परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली, नोव्हेंबर २०२४ मध्ये जलद प्रक्रियेची योजना बंद केली, आर्थिक पुराव्याच्या अटी वाढवल्या. त्याआधी २०२३ मध्ये पंजाबातल्या अनेक विद्यार्थ्यांची महाविद्यालयाची प्रवेशपत्रेच बनावट निघाली होती. एजंटाने दिलेली, आणि अनेक मुलांना त्याची कल्पनाही नव्हती. तिथल्या घरभाड्याच्या राजकारणाचा आणि इथल्या एजंटांच्या लबाडीचा भार पुढच्या वर्षी अर्ज करणाऱ्या मुलाच्या डोक्यावर आला. इथे टक्का वाढण्याचे कारण अर्जदाराची गुणवत्ता नव्हती, त्या देशाचे धोरण होते. अशा वेळी 'अजून चांगला निबंध लिही' असे मुलाला सांगण्यापेक्षा देश बदलणे किंवा वर्षभर थांबणे शहाणपणाचे.

आता मुद्द्याच्या मुद्द्यावर येतो. व्हिसाच्या अर्जावर जात लिहावी लागत नाही. मग आपल्या मुलांचा प्रश्न वेगळा कसा?

अधिकारी दोन गोष्टी पाहतो: खर्च कोण करणार आणि तुम्ही परत येणार का. पुराव्यासाठी तो मागतो सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, सॅलरी स्लिप, मालमत्तेची कागदपत्रे. तारापूर एमआयडीसीत ठेकेदाराकडे पंधरा वर्षे काम केलेल्या बापाकडे यातले काय असते? पगार कधी खात्यात, कधी हातात. स्लिप नाही. पीएफ कापतात, पण ठेकेदार बदलला की खाते नवे. आई बचत गटात. तिथली बचत तिच्या वैयक्तिक पासबुकावर दिसत नाही. जमिनीचे विचाराल तर या किनारपट्टीत केळीच्या, पानवेलीच्या, चिकूच्या वाड्या आहेत, पण सातबारा कोणाच्या नावावर आहे हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही. जे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या मिळू दिले नाही, नेमके तेच 'मायदेशाशी असलेले बंध' म्हणून कागदावर मागितले जाते. दर देशाचा म्हणून छापला जातो, पण त्या १५ टक्क्यांत कोणत्या घरांतली माणसे जास्त आहेत हे कुठलीच वकिलात मोजत नाही.

याला इतिहास आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वीस वर्षांत पासपोर्ट हा नागरिकाचा हक्क मानला जात नव्हता. तो द्यायचा की नाही हे सरकार ठरवी. इतिहासकार कलाथ्मिका नटराजन यांनी त्या काळच्या सरकारी कागदपत्रांतून दाखवले आहे की परदेशात देशाची 'प्रतिमा' राखायची म्हणून गरीब, अकुशल आणि खालच्या मानलेल्या जातींच्या माणसांना पासपोर्टपासून दूर ठेवण्याकडे अधिकाऱ्यांचा कल होता. १९६७ मध्ये सतवंत सिंग सॉनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असा निकाल तीन विरुद्ध दोन मतांनी दिला, आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला. अगदी अलीकडे, जानेवारी २०१८ मध्ये, दहावी न झालेल्यांच्या 'ईसीआर' पासपोर्टला नारिंगी रंग द्यायचे ठरले होते. विरोध झाला, त्याच महिन्यात तो निर्णय मागे घ्यावा लागला.

बाबासाहेबांच्या आठवणींच्या छोट्या पुस्तकाचे नावच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आहे, पण त्यात परदेशाच्या व्हिसाची गोष्ट नाही. आपल्याच देशात बडोद्याच्या पारशी धर्मशाळेपासून ठिकठिकाणी नाकारलेल्या प्रवेशाची आहे. आणि १९२० मध्ये अपुरे शिक्षण पूर्ण करायला ते पुन्हा लंडनला निघाले तेव्हा त्यांच्याकडे होते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राने उसने दिलेले पाच हजार रुपये. आजच्या व्हिसा अधिकाऱ्यासमोर ही फाईल गेली असती तर त्याने पहिला प्रश्न त्या पाच हजारांवरच विचारला असता: ही रक्कम खात्यात अचानक कुठून आली?

हा प्रश्न आज आपल्या मुलांना खरोखर विचारला जातो. आमच्याकडे आलेल्या एका फाईलमध्ये मामाने अर्जाच्या तीन दिवस आधी खात्यात चार लाख टाकले होते. पैसे खरे, मामा खरा, प्रेम खरे. पण स्टेटमेंटवर पाच महिने आठ-दहा हजारांची शिल्लक आणि शेवटी एकदम चार लाख. अधिकाऱ्याला ते उसने दाखवलेले पैसे वाटले आणि नकार आला. पुढच्या वेळी मामाचे आयकर विवरण, त्याचे नात्याचे प्रतिज्ञापत्र, पैसे कोणत्या मुदत ठेवीतून आले त्याची पावती, हे सगळे एका पानाच्या साध्या पत्रासह जोडले. रक्कम तीच होती. यावेळी मंजुरी आली.

एजंटाचा मार्ग याच्या नेमका उलटा असतो. तो 'बॅलन्स दाखवून देतो', अनुभवाचे पत्र 'करून देतो'. हे पकडले गेले तर तो साधा नकार राहत नाही. खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला तर कॅनडा पाच वर्षे, ब्रिटन दहा वर्षांपर्यंत दार बंद करतो, आणि अमेरिकेत ती बंदी कायमची असू शकते. नकार मिळालेला माणूस पुन्हा अर्ज करू शकतो. खोटा ठरलेला जवळपास संपतो. शिवाय पुढे अनेक देशांच्या अर्जांत 'आधी कुठे नकार मिळाला आहे का?' हा प्रश्न असतो आणि तिथे खरेच लिहावे लागते. सही मुलाची असते, एजंटाची नाही.

नकाराचे पत्र फेकून देऊ नका. शेंगेनच्या नकारात छापील कारणांपुढे खूण केलेली असते आणि अपिलाची पद्धतही दिलेली असते. परतण्याबद्दल शंका, खर्चाची सोय अपुरी, प्रवासाचा हेतू अस्पष्ट, ही कारणे वेगवेगळी आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगवेगळी. शंका परतण्याबद्दल असेल तर आणखी दोन लाख दाखवून काही होत नाही. कारण न वाचता तीच फाईल पुन्हा टाकणे म्हणजे ९० युरो, आजचे नऊ हजार रुपयांच्या घरातले पैसे, दुसऱ्यांदा पाण्यात. वर सेवाकेंद्राची फी आणि सफाळ्याहून मुंबईच्या खेपा, खाडा झालेल्या दिवसाची मजुरी वेगळी.

धम्मयात्रेला जाणाऱ्यांसाठी चित्र बरेच सोपे आहे. नेपाळला व्हिसा लागत नाही. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसातून सूट दिली, व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. पण अशा देशांना नामंजुरी दर नसतो म्हणजे नकार नसतो असे नाही. तो विमानतळावरच्या खिडकीवर मिळतो आणि कुठल्याच तक्त्यात येत नाही. परतीचे तिकीट, राहण्याचा पत्ता, खर्चाचे पैसे, आणि थायलंडसाठी मे २०२५ पासून सक्तीचे झालेले डिजिटल आगमन पत्र हे गटातल्या प्रत्येकाकडे स्वतंत्र हवे. सगळी कागदपत्रे आयोजकाच्या पिशवीत आणि आयोजक पुढच्या रांगेत, हे प्रकार आता बंद व्हायला हवेत. शिवाय सवलती बदलतात, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी त्या देशाच्या दूतावासाचे संकेतस्थळ पाहावे, व्हॉट्सॲपवर फिरलेला मजकूर नाही.

शिक्षणासाठी जाणाऱ्यांकडे एक कागद असा आहे जो सातबाऱ्याची उणीव भरून काढतो: सरकारी शिष्यवृत्तीचे पत्र. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकातल्या ७५ विद्यार्थ्यांसाठी आहे. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी एरवी ठरलेली रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. पूर्ण खर्च सरकार करणार असेल तर त्याचे पत्र पुरते. जर्मनीसाठी एरवी वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात ठेवावे लागतात, म्हणजे दहा लाखांहून जास्त. तारापूरच्या कोणत्या कंत्राटी कामगाराकडे ते आहेत?

म्हणूनच या पत्राला होणारा उशीर ही नुसती कार्यालयीन बाब नाही. २०२५ मध्ये राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीसाठी १०६ जण निवडले गेले आणि सुरुवातीला पत्रे मिळाली फक्त ४० जणांना. उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध होईल तसे, असे कळवले गेले. ओरड झाल्यावर हालचाल झाली. पण विद्यापीठ सप्टेंबरमध्ये सुरू होते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पत्र हातात नसलेला विद्यार्थी व्हिसाच्या खिडकीवर रिकाम्या हाताने उभा राहतो. त्याने अर्जच केला नाही तर तो कुठल्याही नामंजुरी दरात मोजला जात नाही. आपल्या संघटना शिष्यवृत्तीच्या जागा वाढवण्याची मागणी करतात, ती रास्त आहे. तिच्या जोडीला पत्र मे महिन्याच्या आत हातात पडलेच पाहिजे, ही दुसरी मागणी या वर्षीच्या निवेदनात यायला हवी. पालघरच्या समाजकल्याण कार्यालयात ते निवेदन द्यायला आम्ही जाणार आहोत. ज्यांची निवड झाली आहे किंवा ज्यांचा अर्ज अडला आहे त्यांनी आपल्या पत्रव्यवहाराच्या तारखा लिहून आणाव्यात.